कल्ल्यातला धागा

ज्या नागपुरातून समुद्र पाहायचा तर आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागते, त्या नागपुरात तांडापेठेतल्या एका कोष्ट्याच्या घशात शार्क माशाचा किडा जाऊन बसला, हे कोणाला सांगून पटणार नाही. न पटो. पण बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, खिडक्यांच्या काचांना डकवलेले काळे कागद अजून धड निघाले नव्हते आणि कस्तुरचंद पार्कवर एक भलामोठा तंबू लागला होता, इतकं मानायला तरी कोणाची हरकत नसावी. बाकीचं ऐकून घ्यावं आणि मग काय ते ठरवावं.

तंबूत शार्क होता. मेलेला, पण अख्खा. मुंबईहून रेल्वेच्या डब्यात बर्फात घालून आणलेला. बर्फाच्या लाद्यांवर आणि लाकडाच्या भुशावर तो आडवा पडलेला असे आणि त्याच्या उशाशी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा जळत असे, कारण बर्फ कितीही घातला तरी वास तो वासच. बाहेर भोंग्यावर एकजण घसा फाडून सांगायचा की या जनावरानं किती माणसं खाल्ली. तो आकडा रोज वाढायचा. मासा मरून गेला तरी त्याचं खाणं काही थांबलं नव्हतं.

तांडापेठेतून जी मंडळी तो पाहायला गेली, त्यांत दादाजी पराते होते. दादाजींनी माग सोडून बरीच वर्षं झाली होती. आता ते चहाच्या हॉटेलापुढच्या ओट्यावर बसत आणि आपण मुंबईच्या गोदीत खलाशी होतो तेव्हाच्या गोष्टी सांगत. त्यांच्या बरोबरीचे म्हातारे म्हणत की हा बाबा मुंबईला निघाला होता खरा, पण बडनेऱ्याला चहा प्यायला उतरला आणि गाडी निघून गेली. समुद्राशी त्याचा संबंध इतकाच. दादाजी त्यावर चिडत नसत. ऐकणारे हसत, दादाजीही हसत आणि पुढची गोष्ट सुरू करत.

त्यांच्या शेजारी उभा होता ताराचंद हेडाऊ. तिशीतला, अंगानं काटक, डोळ्यांनी तिखट. अख्ख्या पेठेत लुगड्याचा काठ त्याच्याइतका सरळ कोणाचा येत नसे. सगळे जण माशाचे दात पाहत होते. ताराचंद त्याच्या मानेकडे पाहत होता. तिथे कल्ल्यांच्या लांब चिरा होत्या आणि त्यातल्या एका चिरेतून दोन धागे लोंबत होते. फिकट, ओलसर, बोटभर.

आता इथे कोष्ट्याची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लोंबता धागा त्याला पाहवत नाही. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तो भोकाला तोंड लावतो आणि श्वास आत ओढतो, सूत ओठांवर येतं. मागावर धागा तुटला तर टोक जिभेवर ओलं करतो आणि पीळ देऊन जोडतो. दिवसभर हेच चालतं. कोष्ट्याचा हात आणि कोष्ट्याचं तोंड यांचा आपसात असा घरोबा असतो की मध्ये डोक्याला कोणी विचारत नाही.

ताराचंदनं हात लांब केला, धागा ओढला. धागा तुटून हातात आला. आणि त्यानं तो उचलून ओठांत धरला.

दादाजींनी ते पाहिलं. त्या क्षणी त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नाही, तेही कोष्टीच होते. पण पलीकडे कॉलेजची पोरं घेऊन एक मास्तर उभे होते, दत्तोपंत नावाचे. ते एकदम म्हणाले, "अहो, तोंडात काय घालताय? तो धागा नाही." त्यांनी पेन्सिलीनं कल्ल्याची चीर उघडली. आत, लालसर मांसाला चिकटून, मसुरीच्या डाळीएवढे तपकिरी जीव बसले होते. पाठीवर ढाल, पोटाखाली आकड्यांसारखे पाय, आणि ते पाय मांसात रुतवलेले. कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला प्राणी, दत्तोपंत पोरांना सांगू लागले. शार्कच्या अंगावर, कल्ल्यांत, नाकपुड्यांत राहतो आणि त्याच्यावरच जगतो. मागे लोंबतात त्या त्याच्या अंड्यांच्या माळा.

ताराचंदच्या ओठांत आता काही नव्हतं. बोटांतही नव्हतं. तो तंबूबाहेर पळाला आणि एका झाडाला धरून ओकाऱ्या काढू लागला, पण त्या कोरड्याच निघाल्या.

आत दत्तोपंतांनी पुढे हेही सांगितलं की माणसाच्या पोटात या अंड्यांचं काहीही होत नाही, त्यांना जिवंत मासा लागतो. हे ताराचंदनं ऐकलं नाही. दादाजींनी ऐकलं.

परतताना ताराचंद दादाजींच्या बरोबरीनं चालू लागला. मग त्यानं विचारलं, "दादाजी, तुमी तं समुद्रावर होते. मानसाच्या पोटात गेलं तं काय होते याचं?"

दोन शब्दांत काम झालं असतं. काही होत नाही, मास्तर म्हणे. पण आजवर इतक्या वर्षांत दादाजींना त्यांच्या समुद्राबद्दल असं कोणी विचारलं नव्हतं. हसू दाबून नाही, एकमेकांना कोपरखळी मारून नाही. ताराचंदच्या तोंडावर भीती होती आणि त्या भीतीत दादाजींच्या खलाशीपणावर पूर्ण विश्वास होता. म्हाताऱ्याला तो सोडवला नाही.

त्यांनी सांगितलं. आमच्या जहाजावर एक रत्नागिरीकडचा खलाशी होता. मुशी, म्हणजे शार्कच, कापताना त्याच्या तोंडात असाच धागा गेला. सुरुवातीला काहीच नाही. मग घशात गुदगुली. मग एक दिवस डोळ्यापुढे केस लोंबल्यासारखं दिसू लागलं. तो केस हातानं काढायला जायचा तर हाताला काही लागायचं नाही. ते वर चढतं, ताराचंद. शार्कच्याही डोळ्यात ते असंच जाऊन बसतं, बुबुळाला धरून लोंबतं, आणि मग एवढा मोठा मासा आंधळा होऊन समुद्रात फिरतो.

"मंग थो खलाशी?"

दादाजी थबकले. गोष्टीला एखादी कळ हवी होती. "मीठ," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यातला जीव हाय थो. मीठ भेटलं का वाढते. त्या खलाशाले कोनी सांगतलं नाही, थो खातच रायला."

त्या दिवसापासून ताराचंदनं मीठ सोडलं.

कुसुमावतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आधी वाटलं की कसला तरी नेम धरला असेल. तिनं अळणी वरण वेगळं काढायला सुरुवात केली. मग तिच्या ध्यानात आलं की तो लोणच्याच्या बरणीकडे पाहतसुद्धा नाही, बरणी दिसली की तोंड फिरवतो. सकाळी उठला की आधी कोनाड्यातला आरसा घ्यायचा आणि दारात उजेडाला जाऊन खालची पापणी ओढून बघायचा. एक डोळा, मग दुसरा. तिनं विचारलं की काय पाहून राहिले, तर म्हणाला, काही नाही. धाकटी पोर पडून रडायला लागली आणि तिला उचलताना तिचे अश्रू त्याच्या गालावर लागले, तर त्यानं ते खसाखसा पुसून काढले आणि पोर बायकोकडे देऊन टाकली.

दादाजींना यातलं थोडंथोडं कळत होतं. सुरुवातीला त्यांना बरंही वाटलं. ताराचंद संध्याकाळी ओट्यावर येऊन त्यांच्या अगदी जवळ बसायचा आणि हळूच विचारायचा की त्या खलाशाला छातीत टोचायचं का, त्याला झोप लागायची का. आणि दादाजी, आता न सांगणं वाईट दिसेल म्हणून, काहीतरी सांगायचे. एकदा म्हणाले की खलाशाला कानातून कुरतडल्यासारखा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी ताराचंद म्हणाला, येते आवाज.

मग ऊन वाढलं. नागपूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेल्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. सगळे कोष्टी त्या दिवसांत ताकात मीठ घालून पितात, कांदा मिठाशी खातात. ताराचंद नुसतं पाणी प्यायचा. तांब्यामागून तांब्या पाणी. आणि घाम ओठांवरून तोंडात जाऊ नये म्हणून त्यानं नाकाखाली फडकं बांधलं होतं. दादाजी एकदा खिडकीतून डोकावले. फडकं बांधलेला तो माणूस धोटा फेकत होता. फेकायचा, थांबायचा, डोळ्यांसमोरून काहीतरी झटकायचा. पुन्हा फेकायचा. ताण्याच्या पांढऱ्या उभ्या धाग्यांवर त्याला एक जास्तीचा धागा दिसत होता. इकडे पाहिलं की तो इकडे सरकायचा, तिकडे पाहिलं की तिकडे. काठ वाकडा गेला होता. ताराचंद हेडाऊचा काठ वाकडा.

दादाजींनी खिडकी सोडली.

ते आत गेले आणि म्हणाले, "अरे बाबू, थोडंसं मीठ घेत जाय. एवढ्याश्यानं काही होत नाही." ताराचंदनं फडक्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेलेले, कडा लाल. "त्या खलाशालेबी कोनीतरी असंच सांगतलं असन," तो म्हणाला.

नळावरच्या बाया बोलू लागल्या होत्या. दादाजी घागर घेऊन गेले तेव्हा रंभाबाई दुसरीला सांगत होती की हेडाऊच्या डोळ्यातून धागा बाहेर आलेला तिच्या जावेनं पाहिला, ओढला तर आत निघून गेला. दादाजी घागर तशीच ठेवून उभे राहिले. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आत निघून जाण्याचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्या थापा आजवर त्यांच्या होत्या, सांगितल्या की संपत. ही एक उठून पेठेत हिंडत होती, तिला पाय फुटले होते, आकड्यांसारखे, आणि ती स्वतःहून वाढत होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांच्या घशात गुदगुली झाली. दोनदा खाकरले. गेली नाही. आपणच रचलेली गोष्ट, आपल्यालाच ठाऊक खोटी आहे, असं त्यांनी स्वतःला बजावून सांगितलं. मग ताटातलं मीठ बोटानं हळूच बाजूला सारलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून दाराकडे नजर टाकली.

मे लागता लागता ताराचंद मागावरच कोसळला. कुसुमावती धावत आली तर तो अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर पालथा पडलेला, पायांत गोळे येऊन पंजे वाकडे झालेले, जीभ जड. पेठेतले डॉक्टर आले. त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि सांगितलं की या माणसाच्या अंगातलं मीठ गेलं आहे, याला लगेच मीठ-साखरेचं पाणी द्या, नाहीतर हा हातचा जाईल. कुसुमावतीनं पेला तोंडाशी नेला. ताराचंदनं दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. डॉक्टरांनी समजावलं, मग ओरडले. तो दातांतूनच बोलला, तुटक तुटक. "डॉक्टरसाहेब, तुमी समुद्र पायला काय?" डॉक्टरांनी पाहिला नव्हता. दवाखान्यात न्यायला पाहिजे, सुई लावायला पाहिजे, असं सांगून ते रिक्षा बघायला निघाले. सुईतून काय देणार, ताराचंदनं विचारलं. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही. मीठच, ते म्हणाले. तेव्हा ताराचंद खाटेची कड धरून बसला आणि चार शेजाऱ्यांनाही ती सोडवेना.

कल्ल्यातल्या माळांची आणि दादाजींच्या खलाशाची गोष्ट पेठेत फिरत फिरत कुसुमावतीच्याही कानावर आली होती; ती घराबाहेर पडली ती सरळ ओट्यावर आली. ओट्यावर दादाजी एकटेच होते. त्यांनी तिला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

"कुसुमावती, आयक वं. थे समदं मी..."

"खरं सांगू नोका," ती म्हणाली. "खरं डॉक्टरनं सांगतलं. खऱ्यानं नाही भागलं. तुमच्या तोंडानं गेलं थे त्याईच्या आंगात, आता तुमच्याच तोंडानं निघाले पायजे. नाही निघालं तं मी काय करीन तुमचं, थे मलेच माईत नाही."

ती रडत नव्हती. दादाजींना ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

सुदैवानं दुपारी कन्हान नदीकडची एक ढिवरीण पेठेत मासळी घेऊन यायची. तिच्या टोपलीत नदीचे बारीक झिंगे, म्हणजे कोळंबी, होते. दादाजींनी त्यातला एक उचलला, डोकं आणि मिशा खुडून टाकल्या, पाठ अंगठ्यानं दाबून चपटी केली. दारात कुसुमावतीनं तो हातात घेऊन पाहिला आणि मान हलवली. माळा कुठे आहेत? ताराचंदनं माळा पाहिल्या होत्या, त्यांच्याशिवाय तो मानायचा नाही. तिनं चरख्याजवळच्या कांडीवरून दोन तुकडे तोडले, झिंग्याच्या शेपटीला बांधले, हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळट केले आणि झिंगा परत दादाजींच्या मुठीत दिला. तिची बोटं बर्फासारखी होती.

आत अंधारलेल्या खोलीत दादाजी खाटेजवळ बसले. शेजारीपाजारी दारात दाटले होते. म्हाताऱ्याच्या मुठीत तो मेलेला झिंगा गार आणि ओला लागत होता आणि त्यांना सारखं वाटत होतं की तो हलला. आयुष्यभर थापा मारल्या, पण एखादी बसली नाही तर माणूस मरेल अशी त्यांनी एकही मारली नव्हती.

"ताराचंद," ते म्हणाले, "त्या खलाशाची पुढची गोठ मी तुले सांगतलीच नाही."

ताराचंदनं डोळे उघडले.

दादाजी सांगू लागले. जहाजावर एक म्हातारा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. त्यानं त्या खलाशाला मीठ तोडायला लावलं, थेट तुझ्यासारखं. आतला जीव उपाशी राहिला. भुकेनं कासावीस झाला. मग तांडेलानं कढत पाण्यात ओंजळभर मीठ घातलं, खलाशाचे डोळे बांधले आणि ती वाफ त्याच्या तोंडासमोर धरली. मिठाचा वास आला आणि भुकेलं जनावर जागा सोडून घशात आलं. तेव्हा तांडेल म्हणाला, आता हे पाणी तोंडात घे आणि खळाळ. जनावर पाण्यात उडी टाकतं. पण एक आहे. उपाशी राहिलेलं असलं तरच. "तू बरोबर केलं इतके दिवस," दादाजी म्हणाले. "तुह्या हातानंच तू त्याले उपाशी मारलं. आता फक्त भायेर काढाचं हाय."

ताराचंदनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर रिक्षाची घंटी वाजली, डॉक्टर आले असावेत. मग त्यानं दात सोडले.

कुसुमावतीनं त्याचे डोळे पदरानं बांधले. वाफ तोंडाशी धरली. तो थरथरत होता, खाट वाजत होती. पाणी तोंडात घेतलं, खळाळलं, त्यातलं बरंचसं घशाखाली गेलं, ठसका लागला, आणि तो घमेल्यावर वाकून जीव जाईल असा ओकला. दादाजींनी मूठ उघडली.

"निघालं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका फाटका निघाला की दारातली माणसं एक पाऊल मागे सरली.

ताराचंदनं पदर ओढून काढला. घमेल्यात पाहिलं. चपटी तपकिरी पाठ, मागे दोन पिवळट धागे. त्यानं डोळे मिटले आणि तो मोठ्यानं रडायला लागला. अश्रू ओठांवर आले. ते त्यानं पुसले नाहीत.

पुढे त्यानं स्वतःच पेला मागितला. मग आणखी एक. डॉक्टर दारात उभे राहून हे पाहत होते. ऊन उतरेपर्यंत त्याच्या पायांतले गोळे सुटले, जीभ हलकी झाली आणि तो म्हणाला, भूक लागली. कुसुमावतीनं भात आणला, वर वरण, ताटाच्या कडेला मिठाची चिमूट. पहिला घास त्यानं तोंडात धरून ठेवला, कितीतरी वेळ. शेजारी निघून गेले. दादाजी मात्र उठले नाहीत. घमेलं बाहेर न्यायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. पण ते ताराचंदच्या जेवणाऱ्या हाताकडेच पाहत बसले.

दुसरा भात वाढून झाला तेव्हा ताराचंद म्हणाला, "पाहू तं, कसं हाय थे."

कुसुमावती म्हणाली की नका पाहू, घाण आहे. दादाजी म्हणाले की अशा जिवाला हात लावू नये. तोवर त्यानं डावा हात घमेल्यात घातला होता. झिंग्याला त्यानं हात लावला नाही. त्याच्या मागचा धागा तेवढा धरला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये. आणि कोष्ट्याचं बोट ते, ते आपोआप फिरलं. एकदा उजवीकडे. एकदा डावीकडे. धागा उकलला, कापसाचे बारीक तंतू बाहेर आले.

दादाजींची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. आता तो थांबणार, आता ताट सरकवणार, आणि मग या जगात त्याच्या तोंडात मीठ घालू शकेल अशी एकही थाप उरणार नाही. उजवा हात थांबला नाही. त्यानं मिठाची उरलेली चिमूट भातावर टाकली आणि भात कालवला.

"दादाजी," ताराचंद म्हणाला, "याले पीळ हाय. आमच्याच कांडीवरचं ऐंशी नंबर सूत हाय हे."